अहिल्यादेवींचे ३०० रुपयांचे नाणे हवे आहे? आधी त्यातली चांदी मोजा

टांकसाळीचे स्मारक नाणे, चांदीचे पदक आणि सराफाकडचे लक्ष्मीचे नाणे या तीन वेगळ्या वस्तू आहेत. फरक न कळल्यास विकताना फटका बसतो.

अहिल्यादेवी होळकरांच्या ३००व्या जयंतीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. ज्या सोलापूरचे विद्यापीठच २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते, तिथे या नाण्याचे अप्रूप असणारच. त्यांच्या काळात होळकरांच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपान असे. आता नाण्यावर खुद्द त्यांची प्रतिमा आहे.

पण हे नाणे बँकेच्या काउंटरवर मिळत नाही आणि किराणा दुकानात कोणी ते देत-घेत नाही. अशी नाणी चलनात फिरवण्यासाठी नसतातच, ती संग्राहकांसाठी पाडली जातात. केंद्र सरकारची कंपनी एसपीएमसीआयएल ती आपल्या अधिकृत संकेतस्थळावरून विकते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या चारही टांकसाळी तिच्याच. ठरलेल्या मुदतीत आगाऊ नोंदणी करायची, पैसे भरायचे आणि पार्सलची वाट पाहायची. ही वाट कधी कधी काही महिन्यांची असते. किंमतही छापील मूल्याच्या कितीतरी पट असते.

चांदी नेमकी किती?

बहुतेकांची चूक इथेच होते. ‘चांदीचे नाणे’ म्हटले की आपण अख्खे चांदीचे समजतो. प्रत्यक्षात १०० रुपयांची अनेक स्मारक नाणी ३५ ग्रॅमची असून त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त असते. नव्या संसद भवनाचे मे २०२३ मधील ७५ रुपयांचे नाणेही याच मिश्रधातूचे. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. आजचा ग्रॅमचा भाव १७.५ ने गुणा आणि तुम्ही मोजलेल्या रकमेशी ताडून पाहा. वरचे पैसे कारागिरी, पेटी आणि संग्राहकाच्या हौसेचे.

प्रत्येक नाण्याचे प्रमाण मात्र सारखे नसते. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचे १० रुपयांचे नाणे निघाले. ते १५ ग्रॅमचे आणि ८० टक्के चांदीचे, म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम. तीनच वर्षांनी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १० रुपयांचे नाणे आले. वजन साडेबावीस ग्रॅम, पण चांदी निम्मी. हातात घेतले तर दुसरे जड लागते, चांदी मात्र पहिल्यात जास्त. वजन, व्यास आणि धातूचे प्रमाण केंद्राच्या राजपत्रातील अधिसूचनेत छापलेले असते. पैसे भरण्यापूर्वी ते वाचायला पाच मिनिटे लागतात.

सराफ ते मोडीत का घेत नाही?

स्मारक नाणे हे कायद्याने नाणेच असते आणि नाणे अधिनियम, २०११ नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे अडीअडचणीला ते मोडीत घालता येत नाही, दुसरा संग्राहकच शोधावा लागतो. हौस म्हणून घेत असाल तर काही बिघडत नाही. लेकीच्या लग्नासाठी चांदी साठवायची असेल, तर मात्र हा मार्ग नव्हे.

टांकसाळीचे किंवा सराफाचे चांदीचे पदक म्हणजे चलन नव्हे, त्यावर रुपयांत मूल्य नसते. ते मोडता येते. त्यावर ९९९ आकडा असेल तर हजारात ९९९ भाग चांदी. धनत्रयोदशीला आपण घेतो ते लक्ष्मी-गणपतीचे ‘नाणे’ही खरे तर पदकच. त्यावरचा शुद्धतेचा आकडा पाहा आणि पक्के बिल घ्या.

घरातला राणी छाप बंदा रुपया हे आणखी वेगळे प्रकरण. तो ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि जवळपास ९२ टक्के चांदीचा. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली.

अशा रुपयाला ‘लाखो मिळतील, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क आणि कर मागितले जात असल्याचा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

नाणे हाती आल्यावर

साल जिथे छापलेले असते, त्याखालची बारीक खूण पाहा. चौकटीच्या आकाराचा हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. खूणच नसेल तर कोलकाता. ‘प्रूफ’ नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत आणि नक्षी धूसर असते, म्हणून ते साध्या नाण्यापेक्षा महाग.

प्रूफ नाण्यावर बोटाचा ठसा उमटला तरी डाग राहतो. पावडर, टूथपेस्ट, रांगोळी यांनी घासले की आरसा गेला आणि त्याबरोबर संग्राहकाचा भावही. लक्ष्मीपूजनाला पंचामृत आणि हळदकुंकवासाठी घरातला जुना रुपया किंवा साधे पदक काढा. टांकसाळीचे नाणे पेटीतच राहू द्या, बिल आणि प्रमाणपत्रासह.