जिवलग मैत्रिणीचं त्रिनिदाद

मैत्रिणीचं माहेर त्रिनिदादला असेल तर हॉटेल शोधू नका, तिच्या आईकडेच उतरा! सकाळी गाडीवरचे डबल्स खा: दोन मऊ बाऱ्यांमध्ये (तळलेल्या पोळ्यांमध्ये) छोले, वर चिंचेची चटणी. १८४५ पासून ऊसमळ्यांवर आलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ही देणगी.

मग ला ब्रेआचा डांबराचा नैसर्गिक तलाव. त्यावरून चक्क चालता येतं, पण वाटाड्या हवाच. संध्याकाळी कारोनीच्या खारफुटीत बोटीनं जा. लालभडक आयबिसचे थवे झाडांवर उतरतात.

क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदानही बघाच! १९७१ साली गावसकर पहिली कसोटी इथेच खेळले आणि भारतानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं.

कार्निव्हल हवा? ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधीचे सोमवार-मंगळवार गाठा. तिकिटं खूप आधी काढा.