कागद दाखवावा की हाती द्यावा?

झाशी जिल्ह्यातील टहरौली हे तहसिलीचे ठिकाण आहे. तेथील शेतकऱ्यास आपली खतौनी, म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा, उत्तर प्रदेश शासनाच्या ‘भूलेख’ या संकेतस्थळावर पाहता येते. नाव व क्षेत्र पडताळण्यास पडद्यावरचे वाचन पुरते. महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल सहीचा सातबारा मात्र फाइल म्हणून जवळ ठेवावा लागतो. कारण ती सही फाइलमध्येच असते, छापील प्रतीवर ती तपासता येत नाही. गरज अशी कामागणिक बदलते. मग फाइल पडद्यावर उघडावी की यंत्रात उतरावी, हे ठरवावे कोणी?

संकेतस्थळाचा संगणक फाइलीच्या आधी काही सूचना पाठवितो. फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे एक सूचना सांगते. तिचे काय करावे, हे ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ ही दुसरी सूचना सांगते. ही दुसरी सूचना प्रथम १९९५ मध्ये ई-पत्रांसाठी योजिली गेली. वेबवरील तिच्या वापराचा नियम २०११ मध्ये स्वतंत्रपणे मांडला गेला. तिच्यात ‘इनलाइन’ हा शब्द असल्यास ब्राउझर नेहमीच्या रीतीने, वाचकाने ठरविलेल्या पसंतीप्रमाणे वागतो. ‘अटॅचमेंट’ हा शब्द असल्यास तो फाइल न उघडता साठविण्याकडे वळतो.

ही सक्ती कधी हितकर ठरते. कोणा अनोळखी माणसाने संकेतस्थळावर ठेवलेल्या फाइलीत छुपी आज्ञावली असू शकते. ती तेथेच उघडली, तर त्या संकेतस्थळाच्या नावाने अपकार करू शकते. अशा वेळी फाइल न उघडता केवळ हाती देणे हेच शहाणपणाचे होय.

परंतु हाच नियम सर्वत्र लावला, तर त्याची झळ सामान्य वाचकास लागते. सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकावर उतरलेला खाजगी कागद पुसल्यावाचून जात नाही. पुढे बसणाऱ्याच्या दृष्टीस तो सहज पडतो. अल्प साठ्याच्या फोनमध्ये एकाच कागदाच्या चार प्रती साचतात, त्या निराळ्याच.

म्हणून संकेतस्थळाने फाइलीचा प्रकार खरा सांगावा, ‘पाहा’ आणि ‘उतरवून घ्या’ असे दोन्ही मार्ग खुले ठेवावेत, आणि सक्ती केवळ सुरक्षिततेपुरती करावी. कागद ज्याच्या कामाचा, निवडही त्याचीच असावी.