शरणपूर : रस्त्याच्या नावात उरलेले गाव

आम्हा जळगाव-धुळेकरांचे नाशिकला जाणे-येणे नित्याचे. कुणी दवाखान्यासाठी, कुणी सोयरिकीसाठी. तिथे शरणपूर रोड सर्वांना ठाऊक असतो. ते शरणपूर कोणते, हे मात्र विचारायचे राहून जाते.

शरणपूर हे चर्चभोवती वसलेले खेडे होते. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८५० च्या दशकात नाशिकच्या वेशीबाहेर ते वसवले. विल्यम साल्टर प्राइस तिथले पाद्री. त्या काळी धर्म बदलणारा माणूस घर, जात, पाणवठा आणि पोटाचा धंदा एकदमच गमावून बसे. म्हणून प्रार्थनेच्या जागेबरोबर घरे आणि शाळा उभ्या राहिल्या; सुतारकाम-लोहारकाम शिकवले जाऊ लागले.

१८६० नंतर इथे आफ्रिकेतली मुले आली. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते इंग्रज आरमार पकडी. सुटका झालेली मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपुरास पाठवली जात. त्या गलबतांचे बरेच मालक माझ्याच धर्माचे होते. हे सांगताना आवाज खाली आणण्याचे मला कारण दिसत नाही. विकत घेणारे अनेक धर्मांचे होते, हेही खरे. पण त्याने विकणाऱ्याचा हिशेब चुकता होत नाही.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आले आणि पुढच्या मोहिमेसाठी इथली नऊ मुले घेऊन गेले. इथेच शिकलेला जेकब वेनराइट १८७२ मध्ये त्यांना जाऊन मिळाला. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारले. त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता.

१८७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसवले. शरणपूरचे अनेक आफ्रिकी तिकडे गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा इथले अँग्लिकन चर्चही त्यात सामील झाले. शरणपूरचे सेंट अँड्र्यूज चर्च आजही आहे. भोवतीचे खेडे शहराने गिळले.

मराठीत शरण जाणे म्हणजे आसरा मागणे, आणि हार मानणेही. त्या मुलांना आसरा मिळाला. नवे नाव आणि नवा धर्म मात्र त्यांना कुणी विचारून दिला नाही. शरणपूरचा इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगावे लागते.