शेतावरची उमेदवारी

मागच्या वेळी आपण ज्ञानाच्या व्याख्येपाशी येऊन थांबलो होतो. आज त्याच धाग्याने पुढे जायचे, पण थोडे आडवाटेने. यंदा जून ते ऑगस्ट असे दहा आठवडे आम्ही आणि आमच्या सौ. दक्षिण कोकणातल्या एका सेंद्रिय शेतावर 'इंटर्न' म्हणून राहून आलो. वयाच्या 74 व्या वर्षी इंटर्न, म्हटल्यावर घरची मंडळी हसली. हसू द्या. मराठीत यासाठी जुना शब्द आहे, उमेदवारी. सुताराकडे, वकिलाकडे, छापखान्यात लोक उमेदवारी करत. फारसीतल्या 'उम्मीद'वरून आलेला शब्द. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. आता तो जास्त करून निवडणुकीत ऐकू येतो, आणि तिथे आशा कोणी धरायची हा वेगळाच प्रश्न आहे.

शेत पाच एकरांचे. वर जांभ्यावर आंबा-काजू, मध्ये बागायत म्हणजे नारळ, सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, सावलीत जायफळ, आणि खाली मळ्यात भात. आमच्याबरोबर सात तरुण मुलेमुली. पुण्याची, बेंगळुरूची, एक मुलगी थेट बेल्जियमहून. व्यवहार साधा : रोज सहा तास काम, त्या बदल्यात जेवण आणि राहायला जागा. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. जगभर ही पद्धत रूढ झाली ती 1971 पासून. लंडनमध्ये सचिवाचे काम करणाऱ्या सू कॉपर्ड यांना शनिवार-रविवारी गावाकडे जायचे निमित्त हवे होते. त्यांनी ससेक्समधल्या एका शेतावर काही जणांना नेले, आणि त्यातून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली. म्हणजे मूळ कल्पना दोन दिवसांची होती, दहा आठवड्यांची नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपण विचारू, सेंद्रिय शेताला एवढे हात लागतातच कशाला? आणि आपल्याकडच्या उष्ण, ओल्या हवेत तर जास्तच का? थोडा हिशेब करू. कोकणात चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर हे पाणी होते जवळजवळ 1 कोटी 20 लाख लिटर. एवढे पाणी मातीतून जाताना विरघळणारे सगळे बरोबर नेते. चुना जातो, पोटॅश जाते; मागे राहते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला लालभडक, आंबट जांभा. त्यात जे थोडे स्फुरद असते तेही लोहाला चिकटून बसते, झाडाला सहज मिळत नाही. थंड देशात झाडाखाली पडलेले पान वर्षानुवर्षे कुजत राहते, माती काळी होते. इथे ऊब आणि ओल दोन्ही असल्याने जिवाणूंना सुट्टीच नसते. जूनमध्ये अंथरलेला पाला दिवाळीपर्यंत दिसेनासा होतो. म्हणजे इथे मातीत काही साठवून ठेवता येत नाही. ते सतत भरत राहावे लागते. पाला गोळा करा, आळ्यात पसरा, शेण कालवा, पुन्हा पाला. बँकेतली ठेव नव्हे, मोलकरणीने रोज भरायचा रांजण म्हणा.

आणि या रांजणातही एक गंमत आहे. पहिले तीन आठवडे आमचे काम होते खताचा ढीग उलटायचा. ढीग नीट पेटला की आत 60 अंशांपर्यंत तापतो; लोखंडी सळई खुपसून ठेवायची, बाहेर काढून हात लावायचा, चटका बसला की समजायचे ठीक चालले आहे. पण कडेकडेचा थंड, ओला भाग गेंड्या भुंग्याला फार आवडतो. हा काळा, नाकावर शिंग असलेला भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरतो, कोवळा कोंब पोखरतो. पुढे ती झावळी उलगडते तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. तो अंडी घालतो कुठे? कुजलेल्या शेणात आणि पालापाचोळ्यात. म्हणजे ज्या खतावर नारळ पोसायचा त्याच खतात नारळाचा शत्रू वाढतो. रासायनिक शेतीत याला बाटलीतले औषध आहे. इथे औषध म्हणजे आम्ही : फावड्याने ढीग उलटायचा, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वळलेल्या अळ्या बोटांनी वेचायच्या आणि मागे घुटमळणाऱ्या कोंबड्यांना टाकायच्या. सौ. या कामात आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज निघाल्या. आमची कंबर चौथ्या दिवशी धरली.

थोडक्यात, सेंद्रिय हा शब्द आपण 'काय घालत नाही' या अर्थाने वापरतो. शेतावर त्याचा अर्थ असा होतो की बाटली जे काम करत होती ते आता माणसाचा हात करतो. मग प्रश्न उरतो, हात कोणाचा?

याचे उत्तर आम्हाला मळ्यात मिळाले. लावणीनंतर तीन आठवड्यांनी बेणणी सुरू झाली. भातात सावा जातीचे एक गवत येते, कोवळेपणी हुबेहूब भातासारखे. आम्ही तयारी करून गेलो होतो. पान जिथे खोडाला मिठी मारते तिथे भाताला एक पातळ पापुद्रा असतो आणि बारीक केसाळ कानाच्या पाळ्या असतात. गवताला यातले काही नसते. हे आम्हाला पाठ होते. चष्मा पुसत, एकेक रोप उलगडून बघत अर्ध्या तासात आम्ही हातभर पुढे सरकलो. मग कंटाळून वेग वाढवला. शेजारी रोजावर आलेल्या काकी होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तरांनू, भात उपाटलात मां!" खरेच होते. अख्खी ओळ गेली होती. त्यांना विचारले, तुम्ही कसे ओळखता? त्या क्षणभर थांबल्या. प्रश्नच त्यांना विचित्र वाटला असावा. म्हणाल्या, "हाताक कळता." पुढे दोन दिवस त्यांच्या मागे राहिल्यावर आमच्या ध्यानात आले की त्या पान बघतच नव्हत्या. बुंध्याशी चिमूट धरत होत्या. गवताचा बुंधा थोडा चपटा लागतो, बऱ्याचदा लालसर असतो.

गिल्बर्ट राइल यांनी 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये 'अमुक आहे हे ठाऊक असणे' आणि 'अमुक करता येणे' असा भेद केला. आम्ही तो तीस वर्षे वर्गात शिकवला. उदाहरण नेहमी सायकलचे किंवा पोहण्याचे. राइल यांचा मुद्दा असा की करता येणे म्हणजे आधी मनात नियम म्हणायचा आणि मग तो हाताकडून अमलात आणायचा, असे नसते. वर्गात हे पटकन पटते. मळ्यात, गुडघाभर चिखलात, हातात स्वतः उपटलेले भात घेऊन उभे राहिल्यावर जे पटते ते वेगळे. आमच्याकडे नियम होता, बरोबर होता, आणि तरी आम्हाला काम येत नव्हते.

त्याच दुपारी काकींनी आमच्यातल्या पुण्याच्या मुलीला विचारले, "तुका पैसे गावनत नाय? मगे करतंस कित्याक?" ती म्हणाली, "शिकायला." काकी काही बोलल्या नाहीत. नंतर चहाच्या वेळी सौ.ना त्यांनी सांगितले की पूर्वी या बेणणीला बारा बायका येत. यंदा चार.

इथे आपण थांबले पाहिजे. आम्ही तिथे शिकायला गेलो होतो. ते प्रामाणिक होते. पण आमच्यामुळे आठ जणींचा रोज बुडाला असेल, तर आमचे शिकणे कोणाच्या पैशाने झाले? हा आक्षेप नवा नाही. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली आणि मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा असे सुचवले, तेव्हाही लोकांनी विचारले की ही शाळा की कारखाना? गांधीजींच्या मांडणीत त्याला एक उत्तर दडलेले आहे, आणि ते आम्हाला आजही उपयोगी वाटते : हस्तोद्योगातली प्रत्येक क्रिया 'का' या प्रश्नासह शिकवली गेली तर ते शिक्षण, नाहीतर मजुरी. त्या कसोटीवर ढीग उलटणे पास होते. भुंग्याचे सारे चक्र आम्हाला दाखवले गेले. सलग तीन आठवडे नुसती बेणणी, हे काही पास होत नाही. पहिल्या आठवड्यात जे कळायचे ते कळले, उरलेले दोन आठवडे आम्ही फुकटचे मजूर होतो.

कोणी सिमोन वेल यांचे नाव काढील. तत्त्वज्ञान शिकवणारी ही बाई 1934 च्या डिसेंबरात पॅरिसच्या कारखान्यात कामाला लागली आणि 1941 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये शेतावर, द्राक्षमळ्यात राबली. त्यांच्याविषयी आम्हाला अतोनात आदर आहे. पण कारखान्यात त्या पगारी कामगार म्हणून उभ्या राहिल्या, पाहुण्या म्हणून नव्हे. काकींना उद्या काम सोडून घरी जायचा पर्याय नाही. आम्हाला तो रोज होता, आणि कंबर धरली त्या दिवशी आम्ही तो वापरलाही.

शेतमालकाशी आम्ही बोललो. माणूस सरळ आहे. त्याने वही काढली. सेंद्रिय तांदळाला भाव बरा मिळतो, तरी बारा जणींचा रोज त्यात बसत नाही, असे आकडे होते. ते खोटे नव्हते. आम्ही एवढेच सुचवले की जिथे काकी आम्हाला शिकवतात तिथे त्यांचा रोज शिकवण्याचा धरावा, आणि तो आम्ही उमेदवारांनी भरावा. आमची पेन्शन आहे. पण त्या मुलांपैकी दोघांना ते परवडणारे नव्हते, हेही खरे. शेवटच्या पंधरवड्यात चार बायका आणखी बोलावल्या गेल्या. काकी पहिल्या दिवशी बांधावर उभ्या राहून शिकवायला लाजल्या आणि मग सरळ चिखलात उतरून आमच्या हातांवर हात ठेवून बुंधे दाखवू लागल्या.

पुढच्या जूनमध्ये मालक काय ठरवतो ते अजून कळलेले नाही. पुढच्या वेळी आपण राइलवरच्या टीकेकडे वळू. प्रश्न असतील तर आता घेऊ या.