ओल्या हवेस मिठाचा उतारा

गतवर्षीं श्रावणांत पुस्तकांची पेटी उघडली, तों ‘अमरकोशा’च्या आमच्या जुन्या प्रतीवर हिरवट बुरशीचा थर! तानसा तलावाकडील पाऊस ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या धरणामागें सांठलेलें पाणी मुंबईकरांची तहान भागवितें. ओल मात्र आमच्या भिंतींत आणि पोथ्यांत मुरते.

चिरंजीवांनीं पुस्तकांच्या खोलींत वातानुकूलक यंत्र बसवून दिलें. हवा कोरडी झाली खरी, परंतु खोली इतकी गार झाली कीं आमच्या कुटुंबास भर पावसांत शाल पांघरावी लागली; आणि विजेचें बिल पाहून आम्हांस घाम फुटला.

हा दोष यंत्राचा नव्हे, रीतीचा होय. हवेंतील बाष्पाचें पाणी व्हावयाचें तर हवा दवबिंदूच्याही खालीं थंड करावी लागते. शिवाय बर्फासारख्या गार पाण्यास उकळी आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता तितक्याच बाष्पाचें पाणी होतांना बाहेर पडते. ती सारी यंत्रानें ओढून काढावयाची!

दुसरी रीत आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीस पाणी सुटतें, तें हवेंतून आलेलें असतें. लिथियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड या लवणांची ही तहान तर विलक्षण. त्यांचा दाट द्राव गार राखून जाळीवरून ओघळूं द्यावा व तींतून हवा न्यावी, म्हणजे द्राव बाष्प पिऊन घेतो. मग हवा सोसेल इतकीच थंड केली कीं झालें. पातळ झालेला द्राव तापवून पाणी उडवावें व तोच पुन्हां वापरावा. ७० अंशांच्या आसपासची ऊब यास पुरते. ती उन्हाची चालते, कारखान्यांत वायां जाणारीही चालते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत अशा द्रावांच्या यंत्रांवर संशोधन झालें आहे. लवण लोखंड खातें, म्हणून धातूच्या नळ्यांऐवजीं प्लॅस्टिक वापरावें लागतें, आणि द्रावाचा तुषार हवेबरोबर खोलींत येणार नाहीं हेंही पाहावें लागतें.

पण खरी मेख निराळीच. द्राव सुकवावयाचा त्याच महिन्यांत ऊन नाहीं! वैशाखांत तो दाट करून पापड-कुरडयांप्रमाणें बेगमी करावी, असें आमच्या मनांत आलें. भांडें घट्ट मिटलेलें असेल तर तो टिकतोही. म्हणून जुन्या संवयीनें पाटीवर हिशेब मांडला. १०० किलो द्रावांत ४० किलो लवण. तें प्रमाण शेंकडा ३५ वर येईपर्यंत द्राव सुमारें १४ किलो पाणी पितो. खोलींतून रोज १० किलो पाणी काढावयाचें तर ७० किलो द्राव हवा, आणि चार महिन्यांस ८,४०० किलो! घराचीच टांकी करावी लागेल. चार-पांच दिवसांच्या झडीपुरती बेगमी शक्य आहे. त्यापुढें उघडीप हवी, नाहीं तर बारमाही वायां जाणारी ऊब. ती कारखान्यांस आहे, मास्तराच्या घरास नाहीं.

तूर्त पुस्तकांच्या कपाटांत आम्हीं कॅल्शियम क्लोराइडची वाटी ठेविली आहे. आठ दिवसांत खडे विरघळून पाणी झालें. ‘अमरकोश’ कोरडा आहे. तें पाणी आटविण्यास स्वयंपाकघरांतील भांडें मात्र आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं.