पडद्यावरील मानसोपचार आणि आहारविकारग्रस्त तरुण

विल्यम गल या इंग्लिश वैद्याने १८७३ साली वाचलेल्या निबंधात ज्यास ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले, त्या विकाराचे एक वैशिष्ट्य असे की, रुग्ण पुष्कळदा आपला आजार लपवू पाहतो. पडद्यावरून होणाऱ्या उपचारांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधिष्ठित पद्धतीत मुलास जेवू घालण्याचे दायित्व आरंभी मातापित्यांवर असते. बैठकीच्या प्रारंभी उपचारक रुग्णास एकट्यास भेटून त्याचे वजन घेतो. मार्च २०२० मध्ये इंग्लंडात टाळेबंदी झाली आणि या बैठका व्हिडिओ कॉलवर होऊ लागल्या.

त्यानंतर घेतलेल्या मुलाखतींतून तरुणांचे अनुभव संमिश्र असल्याचे दिसते. प्रवास वाचला, शाळा कमी बुडू लागली. स्वतःच्या खोलीत बसून बोलणे कित्येकांस सोपे वाटले. उलटपक्षी, आपल्या रूपाविषयी आधीच अस्वस्थ असलेल्या मुलीस संभाषणभर आपलाच चेहरा समोर पाहावा लागे. घरातील माणसे ऐकतील, या धास्तीने काहींचे बोलणे अडखळले. वजन करण्याचे काम आईबापांकडे गेल्याने काही घरांत कलहाचे आणखी एक निमित्त निर्माण झाले, आणि उपचारकाशी एकांतात होणारे बोलणेही त्याबरोबर हरपले.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. रुग्णास जे सुसह्य वाटते, ते विकारासही सोयीचे असू शकते. पडद्यावर केवळ चेहरा दिसतो. शरीराची कृशता, हातांचा गारठा, नाडीची मंद गती ही लक्षणे दिसत नाहीत. तथापि, एवढ्यावरून हे माध्यम त्याज्य ठरत नाही. ज्या ताटावरून रोजचा संघर्ष होतो, तेच ताट घरातील जेवणाच्या वेळी उपचारकास दिसू शकते. ही संधी उपचारकेंद्रात लाभणे कठीण.

तात्पर्य, तरुणांच्या पसंतीस मान द्यावयाचाच. परंतु ती पसंती कशातून उद्भवली, हेही त्यांच्याशीच बोलून जाणून घ्यावयाचे. स्वतःचे चित्र झाकण्याची मुभा, बोलण्यासाठी निश्चित एकांत आणि ठरावीक कालाने प्रत्यक्ष शरीरतपासणी, एवढी व्यवस्था असल्यासच पडदा हे उपचाराचे साधन राहील. अन्यथा तो विकाराचा आडोसा होईल.