संगणकीय द्रायुयामिकी : विमानविषयक अनुमानांचे परीक्षण

विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवून उत्थापक प्रेरणा, ओढ (गतीला विरोध करणारी प्रेरणा) इ. राशींची अनुमाने करतात. या अनुमानांवर कितपत विसंबावे, हे ठरविण्याच्या पद्धतींचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

तत्त्व : द्रायूची (द्रव वा वायूची) गती नाव्ह्ये-स्टोक्स समीकरणांनी व्यक्त होते. विमानासारख्या गुंतागुंतीच्या आकारासाठी त्यांचे उत्तर सूत्ररूपाने मिळत नाही. म्हणून सभोवतालचा अवकाश लहान कोष्ठिकांच्या जाळ्यात विभागून प्रत्येक कोष्ठिकेसाठी वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम संख्यात्मक रीतीने लावतात. संक्षोभी (खळबळयुक्त) प्रवाहातील सूक्ष्म भोवरे जाळ्यात सापडत नाहीत. त्यांचा सरासरी परिणाम स्पॅलार्ट व ऑलमारस (१९९२) किंवा मेंटर (१९९४) यांच्यासारख्या प्रतिमानांनी अंदाजतात. त्यामुळे उत्तरात गणनेचा व प्रतिमानाचा असे दोन दोष संभवतात.

परीक्षण : प्रथम समीकरणे अचूक सोडविली गेली की नाही, याची पडताळणी करतात. त्यासाठी तेच उदाहरण उत्तरोत्तर बारीक जाळ्यांवर सोडवून उत्तर एका मूल्याकडे स्थिरावते का ते पाहतात. त्यानंतर निवडलेली समीकरणे वस्तुस्थितीस धरून आहेत का, हे प्रयोगाशी तुलना करून ठरवितात. हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण जाड जाळ्याचा दोष व प्रतिमानाचा दोष परस्परविरुद्ध असल्यास ते एकमेकांस झाकतात आणि उत्तर केवळ योगायोगाने प्रयोगाशी जुळते. असे जुळणे दुसऱ्या आकाराच्या विमानास लागू पडेलच असे नाही.

प्रयोगही पूर्णतः निर्दोष नसतो. वातविवरातील लहान प्रतिकृतीचा रेनल्ड्झ अंक प्रत्यक्ष उड्डाणातील अंकापेक्षा बहुधा पुष्कळ कमी असतो [⟶ वातविवर]. लॉकहीड सी-१४१ या मालवाहू विमानाच्या पंखावरील प्रघात तरंगाचे स्थान १९६० नंतरच्या दशकातील उड्डाणांत वातविवरातील स्थानापेक्षा बरेच मागे आढळले व पंखावरील भाराची वाटणी अपेक्षेहून वेगळी ठरली.

ओढीच्या अनुमानाची कसोटी विशेष कडक असते. ओढ गुणांकातील ०·०००१ एवढ्या फरकास एक ‘काउंट’ म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानाचा एकूण गुणांक सु. २५० ते ३०० काउंट असला, तरी एका काउंटनेही दीर्घ पल्ल्याच्या विमानाच्या इंधनाचा व भाराचा हिशोब बदलतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ एरॉनॉटिक्स अँड ॲस्ट्रॉनॉटिक्स या संस्थेने २००१ मध्ये ॲनाहाइम (कॅलिफोर्निया) येथे या विषयावर पहिली कार्यशाळा घेतली. तीन यूरोपीय वातविवरांत तपासलेल्या डीएलआर-एफ४ या आकाराची गणना (माख अंक ०·७५, रेनल्ड्झ अंक ३० लक्ष) अनेक गटांनी केली. उत्तरांतील तफावत अभिकल्पकांना हव्या असलेल्या अचूकतेपेक्षा पुष्कळ अधिक निघाली. २००९ च्या चौथ्या कार्यशाळेत ‘कॉमन रिसर्च मॉडेल’ या नव्या आकाराची अनुमाने वातविवरातील निष्कर्ष उपलब्ध होण्यापूर्वीच मागविण्यात आली. उत्तर माहीत असताना प्रतिमान जुळवून घेण्याचा मोह त्यामुळे टळला.

भारतातील कार्य : बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १·२ मी. वातविवर १९६७ पासून उपयोगात आले व द्रायुगणनेसाठी ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक १९८६ मध्ये तयार झाला. ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावर, नवी मुंबईसमोर असलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९१ मध्ये ‘अनुपम’ समांतर संगणकमालेचे काम सुरू केले. या मालेतील संगणकाचा उपयोग एरॉनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने हलक्या लढाऊ विमानाच्या द्रायुगणनेसाठी केला. ‘तेजस’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत (आयआयटी) वांतरिक्ष अभियांत्रिकीच्या अभ्यासात गणना व वातविवर या दोहोंचा समावेश आहे.

मर्यादा : समतल उड्डाणात प्रवाह पृष्ठभागास चिकटून असतो, तेव्हा अनुमाने बरीच विश्वसनीय ठरतात. मोठ्या आघातकोनास किंवा उतरताना पट्ट्या (फ्लॅप) उघडल्यावर प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो व प्रतिमाने अपुरी पडतात. उत्थापन अकस्मात घटण्याचा धोका नेमका याच अवस्थेत असतो. म्हणून संगणकीय उत्तर जाळ्याचा तपशील, प्रतिमानाचे नाव व अनिश्चिततेची मर्यादा यांसह देणे आवश्यक असते. विमानाच्या सुरक्षिततेचा अंतिम निर्णय मात्र उड्डाण-चाचणीवर अवलंबून असतो.